गोंतोरमधील अरबी संभाषण-शिक्षण

इंडोनेशियात पूर्व जावातील पोनोरोगोजवळच्या 'पोंडोक मॉडर्न दारुस्सलाम गोंतोर' या निवासी मदरशाची अरबी बोलायला शिकवण्याची पद्धत. अशा मदरशाला तिकडे 'पेसान्त्रेन' आणि तिथल्या विद्यार्थ्याला 'सांत्री' म्हणतात.

जुन्या पेसान्त्रेनांत अरबी होती ती वाचण्यापुरती. गुरू ग्रंथ वाचत जाई आणि सांत्री शब्दाशब्दाखाली बारीक अक्षरांत जावानीज अर्थ उतरवीत. ओळीखाली लोंबणाऱ्या या टिपणाला गमतीने 'दाढीचा अर्थ' म्हणत. यातून अवघड ग्रंथ लावणारे विद्वान तयार झाले, पण बोलायची वेळ आली की गाडी अडे. 'रामः रामौ रामाः' घडाघडा म्हणणाऱ्याला संस्कृतात पाणी मागता येऊ नये, त्यातलीच ही गत.

१९२६ साली मक्केतल्या इस्लामी परिषदेला पाठवायला इंडोनेशियातल्या मुसलमानांना अरबी आणि इंग्रजी दोन्ही येणारा एक माणूस सापडेना. शेवटी अरबीसाठी मास मन्सूर आणि इंग्रजीसाठी चोक्रोआमिनोतो असे दोघे मुस्लिम पुढारी गेले. अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी ते मनावर घेतले, असे संस्थेच्या इतिहासात सांगतात. त्याच वर्षी त्यांनी गोंतोर सुरू केले. शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम १९३६ मध्ये आला.

वर्गात भाषांतराला थारा नाही. शिक्षक लेखणी उंच धरून 'हाझा कलम' (ही लेखणी) म्हणतो, वर्ग मागून म्हणतो, व्याकरण नंतर. हजार शब्द एका वाक्यात कोंबण्यापेक्षा एक शब्द हजार वाक्यांत वापरा, हे तिथले सूत्र.

खरी शाळा मात्र वसतिगृहात भरते. सुरुवातीचे काही महिने सवलत असते, मग मातृभाषा बंद. काही दिवस अरबी, काही दिवस इंग्रजी, अशी आलटून पालटून पाळी चालते. सकाळी मुले समोरासमोर रांगा करून 'मुहादसा', म्हणजे संभाषण, करतात; दर आठवड्याला भाषणे होतात. नियम मोडताना सापडलेल्याला 'जासूस' केले जाते: इतर चुकणाऱ्यांची नावे त्याने टिपून आणायची. धाकाने जीभ सुटते हे खरे, पण शेजाऱ्यावर पाळत ठेवण्याची सवयही लागते.

आणि अरब आजूबाजूला नसल्याने जी अरबी घडते तिची चाल इंडोनेशियन राहते. 'आता कसं करायचं?' याला मुले सरळ 'कैफ हाझा', म्हणजे 'कसं हे', म्हणतात. हे इंडोनेशियन 'बागाइमाना इनी'चेच शब्दशः रूप. शेजारच्या खाटेवरच्याला ते लगेच कळते, कैरोच्या माणसाला जरा थांबून विचार करावा लागतो.