चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

दर 15 ऑगस्टच्या सुमारास एक संदेश हमखास फिरतो: 1947 साली एका डॉलरला एकच रुपया पडायचा. ही निव्वळ थाप आहे. तेव्हा पौंड 13.33 रुपयांना होता आणि त्याच पौंडाचे 4.03 डॉलर येत, म्हणजे डॉलर झाला साधारण 3 रुपये 5 आणे. थाप बाजूला ठेवू. पण हे 13.33 आलं कुठून, ते बघण्यासारखं आहे.

1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया चालू झाला. वजन एक तोळा, म्हणजे 180 ग्रेन. त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन. इंग्रजांचा पौंड मात्र सोन्याचा, 113 ग्रेनचा. या दोघांतला दर कोणी ठरवून दिलेला नव्हता. मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळी खुल्या होत्या: चांदी घेऊन जा, घडणावळ भरा, रुपये पाडून आणा. त्यामुळे रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून फार लांब जाऊच शकत नव्हती.

हिशोब करून बघता येतो. लंडनमध्ये चांदीचा भाव ज्या औंसावर सांगत, त्यात शुद्ध चांदी 444 ग्रेन असे. 165 ला 444 ने भागायचं आणि भावाने गुणायचं. 1870 च्या आसपास भाव होता 60 पेन्सच्या घरात. उत्तर येतं 22.3 पेन्स. वरखर्च धरला की प्रत्यक्ष बाजारातला दर, सुमारे 23 पेन्स, जवळजवळ हाती लागतो. पौंडाचे पेन्स 240, म्हणजे पौंडाला साडेदहा रुपयांच्या आसपास.

मग घसरण लागली, आणि तिचं कारण हिंदुस्थानात नव्हतंच. 1871 ते 1873 मध्ये जर्मनीने सोन्याचं चलन घेतलं आणि जुनी चांदी विकायला काढली. 1873 साली अमेरिकेने चांदीच्या डॉलरची खुली पाडणी बंद केली. फ्रान्स आणि त्याच्या जोडीदार देशांनीही हात आखडता घेतला. त्यात नेवाडातल्या खाणींतून चांदीचा लोंढा. गिऱ्हाईक कमी, माल जास्त. 1892 पर्यंत रुपया 15 पेन्सवर आला.

सरकारचं खरं दुखणं लंडनला होतं. पेन्शनी, कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला नफा हे सगळं पौंडांत चुकवायचं आणि महसूल मात्र रुपयांत. एक कोटी पौंड पाठवायला 24 पेन्सच्या दराने 10 कोटी रुपये लागतात, 15 पेन्सच्या दराने 16 कोटी. वरचे 6 कोटी अर्थातच रयतेकडून यायचे.

जून 1893 मध्ये सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा सांधा इथे आहे. 1894 साली चांदी 30 पेन्सच्याही खाली गेली. वरच्याच सूत्राने रुपयातली चांदी 11 पेन्सचीसुद्धा भरत नव्हती, तरी रुपया 13 पेन्सच्या आसपास विकला जात होता. वरचे दोन पेन्स टंचाईचे. नाणं तेच, चांदी तेवढीच. पण रुपये नव्याने पाडून घेता येत नाहीत म्हटल्यावर त्यांना धातूपेक्षा जास्त मोल आलं. चांदीवर छापलेली नोट, असंच तेव्हाचे जाणकार रुपयाला म्हणत. 1898 पर्यंत दर 16 पेन्सवर चढला आणि 1899 मध्ये एका सॉव्हरिनला, म्हणजे एका पौंडाच्या सोन्याच्या नाण्याला, 15 रुपये असा कायदाच झाला.

याची झळ वेगळ्याच लोकांना लागली. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला जाई, आणि चीनचा व्यवहार चांदीत. रुपया चांदीपासून सुटून वर राहिला की तेच सूत चिनी गिऱ्हाइकाला महाग. आणि ज्या घरात पुंजी म्हणजे वाळे, तोडे, गोठ असे चांदीचे दागिने, तिथे तर पंचाईतच. पूर्वी तोळाभर चांदीचा जवळपास रुपया होई. आता टाकसाळीचं दार बंद आणि सराफ देईल तो भाव.

पहिल्या महायुद्धात उलटं झालं. चांदी इतकी कडाडली की रुपयाच्या नाण्यातला धातू नाण्यापेक्षा महाग झाला आणि नाणी वितळण्याची भीती निर्माण झाली. 1920 मध्ये सरकारने 24 पेन्सचा दर धरायचा हट्ट केला आणि काही महिन्यांत तो सोडून दिला.

मग 16 की 18, हा वाद पेटला. चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये 18 पेन्सची शिफारस केली. आयोगाचेच एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमत लिहून 16 चा आग्रह धरला. मुंबईच्या गिरणीमालकांना स्वस्त रुपया हवा होता. याच आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनीही साक्ष दिली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 मध्येच आलेला होता. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला होणारा फायदा हा देशाचा फायदा नव्हे, असं ते सांगत. भाव वाढतात, मजुरी मागे राहते. मालकाच्या खिशात पडतं ते मजुराच्याच खिशातून गेलेलं असतं. आजही रुपया घसरला की निर्यातीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

1927 च्या कायद्याने 18 पेन्स पक्के झाले. 240 भागिले 18 म्हणजे 13.33, अर्थात 13 रुपये 5 आणे 4 पै. हा दर स्वातंत्र्य आणि फाळणी दोन्हींतून तसाच राहिला. 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा रुपयाही बरोबरीने उतरला, म्हणून डॉलर 4.76 वर गेला पण पौंड जागचा हलला नाही. जून 1966 च्या अवमूल्यनाने पौंड 21 रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पौंड उतरवला, या वेळी रुपया मागे गेला नाही, आणि पौंड 18 रुपयांना मिळू लागला.