एकतीस एक्के आणि एक मूळ संख्या

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ओळीने एकतीस एक्के.

अशा रीतीने मिळालेली संख्या मूळ असेल, तर तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मेरीं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी दिली. पुढे त्या यादीत चुका सापडल्या, ६७ आणि २५७ तिथे नको होते. ३१ मात्र बरोबर निघाला. ते सिद्ध केलं गणिती ऑयलर यांनी, १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना.

मला या संख्येत सर्वांत सुंदर वाटते ती ही सिद्धताच. संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे, आणि तिथवर मूळ संख्या सुमारे ४,८००. पण समजा, यांतल्या एखाद्या संख्येने निःशेष भाग जातो. मग त्या भाजकाने दोनाच्या घातांना भागत गेलं, की दर ३१ पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ येते. फर्माच्या प्रमेयानुसार भाजकापेक्षा एकाने कमी इतक्या पायऱ्यांनंतरही बाकी १ च असते. ३१ मूळ असल्यामुळे या दोन गोष्टी एकत्र बसतात त्या एकाच अटीवर: भाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेला पाहिजे. भाजक विषम, म्हणजे ६२ नेही. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोन्ही अटी मिळून फार तर ३७२ भागाकार शिल्लक राहतात. एकानेही निःशेष भाग जात नाही.

छोट्या उदाहरणावर हे पडताळता येतं. घातांक ११ घेतला तर २,०४७ मिळतात, म्हणजे २३ × ८९. दोन्ही अवयवांतून १ वजा करा: २२ आणि ८८, दोघांनाही २२ ने भाग जातो.

आपल्या संख्येला ८ ने भागलं तर बाकी ७. वर्गसंख्येला ८ ने भागल्यावर बाकी फक्त ०, १ किंवा ४ येते, आणि अशा तीन बाक्यांची बेरीज ७ कधीच होत नाही. म्हणून ही संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, चार लागतातच. चार नेहमी पुरतात, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये दाखवलं होतं.

संगणकातल्या ३२ बिटांच्या (० किंवा १ च्या ३२ जागांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादाही हीच. त्यामुळे १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुनी संगणकीय घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचतील, आणि पुढचा सेकंद त्यांत मावणार नाही.

तिला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच. १८११ मध्ये पीटर बार्लो यांनी लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण शोधायला कुणी जाणारच नाही. पण १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी घातांक १२७ साठीची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, म्हणजे तिच्यापासून आणखी मोठी परिपूर्ण संख्याही मिळाली, तेही हाताने आकडेमोड करून.