खनिज शोधासाठी केंद्राचा निधी: मराठवाड्यातून अर्ज कोणी आणि कसा करायचा?

शेतात चकाकणारा दगड निघाला म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात खनिज शोधाचं अनुदान जमा होत नाही. 'सातबारा आणि फाइलचा खर्च द्या, बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

हा पैसा राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यासाचा. २०१५ च्या कायदादुरुस्तीतून तो उभा राहिला. खाणपट्टाधारक स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) २ टक्के रक्कम त्यात भरत आले. २०२५ च्या दुरुस्तीने ते प्रमाण ३ टक्के केलं आणि न्यासाचं नाव राष्ट्रीय खनिज अन्वेषण व विकास न्यास झालं. निधी मिळतो तो सरकारी अन्वेषण संस्थांना, आणि भारतीय गुणवत्ता परिषदेच्या (क्यूसीआय) नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता घेऊन केंद्रीय खाण मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या खासगी संस्थांना. मुरूम, खडी, वाळू ही गौण खनिजं. त्यांचं काम राज्याच्या २०१३ च्या नियमांनुसार चालतं, इथे त्यांचा संबंध नाही.

प्रस्तावात ब्लॉकच्या (शोधासाठी आखलेल्या क्षेत्राच्या) सीमेचे अक्षांश-रेखांश, टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा) क्रमांक, भूवैज्ञानिक नकाशा, आधी झालेल्या कामाचा आढावा, अन्वेषणाचा टप्पा (जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे सविस्तर), बाबनिहाय खर्च आणि वेळापत्रक लागतं. तांत्रिक व खर्च समिती छाननी करते, मग कार्यकारी समिती मंजुरी देते.

आपल्याकडे खरी कसोटी ड्रिलिंगच्या मीटरची. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा वरचे ३३८ मीटर नुसता काळा पाषाण (बेसाल्ट) निघाला. त्याखाली गाळाचा जेमतेम ८ मीटरचा थर, मग जुना मूळ खडक. लातूरकडे त्या खडकातलं काही शोधायचं तर आधी एवढा बेसाल्ट भेदण्याचा खर्च मांडावा लागेल, आणि तो कशाच्या आधारावर, हे समिती विचारणारच. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडलाय, किनवटकडे चुनखडी आहे. माझ्या मते मराठवाड्यातून पहिला प्रस्ताव जायचा तर नांदेड जिल्ह्यातूनच जावा. मात्र किनवट-माहूरच्या जंगलात ब्लॉक आखताना वनजमीन आधी तपासा.

भूविज्ञान शिकलेल्या मुलांनी एकट्याने अर्ज करण्यापेक्षा मान्यताप्राप्त संस्थेशी जोडून घ्यावं. राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडाराच्या पोर्टलवर आपल्या तालुक्याची आधीची माहिती आहे का, ते आधी बघावं.

आणि शेतकऱ्याला खरंच वेगळा दगड सापडला असेल, तर गट नंबर, नेमकी जागा आणि फोटो जोडून जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्यायला विसरू नका.