स्त्रीवादी देहछायाचित्रण (गोव्यातील)

जाहिराती, सिनेमे आणि पर्यटनाची पत्रके ज्या स्त्रीदेहांकडे पाहत नाहीत, ते वयस्क, स्थूल, सावळे, बाळंतपणाच्या वा शस्त्रक्रियेच्या खुणा असलेले देह त्या बाईच्याच अटींवर टिपण्याची पद्धत. इंग्लंडमधील छायाचित्रकार जो स्पेन्स (१९३४–१९९२) यांनी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी स्वतःच्या स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असे लिहून छायाचित्र काढून घेतले. अमेरिकेतील छायाचित्रकार लॉरा अगिलार (१९५९–२०१८) यांनी १९९६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या खडकांमध्ये स्वतःचा स्थूल, विवस्त्र देह टिपला. पाठीची गोलाई आणि दगडाची गोलाई तिथे एकाच जातीची वाटते.

पर्यटनाच्या गोव्यात बाई म्हणजे किनाऱ्यावरची सडपातळ तरुणी. मासळीची पाटी डोक्यावर वाहणारी, लावणीच्या चिखलाने पायाच्या बोटांत चिखल्या झालेली बाई त्या चित्रात नसते. हे काम इथे व्हायला हवे ते तिच्यासाठी.

जुन्या घरांतल्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीतून येणारा उजेड मऊ असतो. बाईला खिडकीपासून हात-दीड हात दूर, खिडकीकडे कूस करून बसवावे. उजेड बाजूने आला की पोटावरच्या रेषा, टाक्यांचे वण उठून दिसतात; समोरून आला की सपाट होऊन पुसले जातात. चिऱ्याच्या उघड्या भिंतीजवळ कातडीवर तांबूस झाक येते. पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. अशा वेळी तिच्या खांद्यावर स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा) धरून तिथून साधारण एक स्टॉप कमी करावा, म्हणजे कॅमेऱ्यात निम्माच उजेड घ्यावा. ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स बरी. जवळून वापरलेली रुंद लेन्स कॅमेऱ्याकडचा अवयव फुगवते. फोनमधला त्वचा गुळगुळीत करणारा मोड आधी बंद करावा, नाहीतर ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच नाहीसे होते.

परकराच्या नाडीचा ताजा लाल वळ तासाभरात जातो, वर्षानुवर्षांचा काळा पट्टा जात नाही. तो दिसू द्यायचा की नाही, हे तिने ठरवायचे. छायाचित्र काढण्याची आणि ते दाखवण्याची संमती वेगवेगळी, लेखी घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार, बाईने खाजगी छायाचित्र काढू दिले पण पसरवू दिले नसेल, तर ते पसरवणे गुन्हा ठरतो. निवड तिच्यासमोर बसून करावी आणि तिने नाकारलेली चित्रे तिच्यादेखत कार्डावरून, संगणकावरून पुसावीत.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून सुकवावे लागते.