दोन तारांवरची हजेरी

गोव्यातल्या सावईवेरेच्या एका कुळागरात, सुपारीच्या झाडांखाली, आम्ही छोटं हवामान केंद्र बसवलं होतं. एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, तापमान आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, आणि वेळ सांभाळणारी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप. जुलैत चार दिवस पाऊस ओतत राहिला आणि आकडे यायचे थांबले. फोंड्याहून गेलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी तिथूनच फोन केला. "सर, बस तपासायची कमांड चालवली. सगळेच पत्ते भरलेत! आपण तर दोनच चिपा लावल्या होत्या ना?"

बस म्हणजे चिपांना संगणकाशी जोडणाऱ्या सामाईक तारा. ही कमांड त्यांवरचा एकेक पत्ता तपासून कुठे चिप आहे त्याचा तक्ता दाखवते. पडद्यावर दिसत होतं त्याचा अर्थ एवढाच होता की तारेच्या जोडात पाणी शिरलंय. मुलं हुशार होती, मॅन्युअलही त्यांनी उघडलं होतं. पण भरलेला तक्ता म्हणजे बिघाड, हे त्यात त्यांना कुठे सापडलं नाही.

हा अर्थ कुठून येतो ते कळायला तारांपर्यंत जावं लागतं. एकाच बोर्डावरच्या चिपांना मोजक्या तारांवर एकमेकींशी बोलता यावं म्हणून फिलिप्स कंपनीने १९८२ साली आयटूसी ही बस तयार केली. तारा दोनच. एससीएलवर ठोके पडतात, एसडीएवरून माहिती जाते. दोन्ही तारा रेझिस्टर लावून वर, म्हणजे आमच्या बोर्डावर ३.३ व्होल्टला, धरून ठेवलेल्या असतात. कुठल्याही चिपला तार फक्त खाली, शून्याकडे ओढता येते. सोडली की ती आपसूक वर जाते.

या तारांवर संवाद चालतो तो शाळेतल्या हजेरीसारखा. कंट्रोलर, म्हणजे संवाद सुरू करणारी बाजू, इथे रास्पबेरी पाय, आधी सात बिटांचा पत्ता पुकारतो. सात बिटांत १२८ पत्ते बसतात. त्यांतले १६ राखीव, उरले ११२. आठवा बिट सांगतो की पुढे वाचायचं आहे की लिहायचं. नवव्या ठोक्याला कंट्रोलर एसडीए सोडून देतो आणि वाट बघतो. त्या पत्त्याची चिप असेल तर ती तार खाली ओढते. तार खाली म्हणजे "हजर". कोणी नसेल तर तार वरच राहते.

आता जोडात पाणी शिरून एसडीए शून्याला चिकटली, तर कुठलाही पत्ता पुकारा, नवव्या ठोक्याला तार खालीच सापडणार. साधन बिचारं प्रामाणिकपणे प्रत्येकापुढे "हजर" लिहीत जातं. काही कंट्रोलर अशा वेळी अडून बसतात आणि कमांड रेंगाळते. पण तक्ता काठोकाठ भरला की आधी चिपांचा विचार सोडून तारेकडे बघायचं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे वाक्य मॅन्युअलच्या पहिल्या पानावर हवं.

लिनक्सवर हे काम आयटूसी-डिटेक्ट नावाची कमांड करते. तिचं मॅन्युअल वाईट नाही, उलट बऱ्याच साधनांपेक्षा चांगलं आहे. आलेला तक्ता कसा वाचायचा यासाठी त्यात वेगळा विभाग आहे: दोन आडव्या रेघा म्हणजे उत्तर आलं नाही, आकडा म्हणजे त्या पत्त्यावर चिप सापडली, आणि 'यूयू' म्हणजे तो पत्ता एखाद्या ड्रायव्हरच्या, म्हणजे चिप हाताळणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रॅमच्या, वापरात असल्यामुळे पुकारलाच नाही. एकदा प्रयोगशाळेत एका मुलाने यूयू बघून घड्याळाची चिप जळाली असं ठरवलं आणि ती बोर्डावरून काढायला घेतली. चिप ठणठणीत होती. संगणक तिच्याकडूनच वेळ घेत होता, म्हणून कमांडने तिला हात लावला नव्हता. मॅन्युअलमध्ये व्याख्या बरोबर दिलेली आहे. पण अशा वेळी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो "घाबरायचं का?" असा, आणि त्याचं उत्तर व्याख्येत नसतं. "यूयू दिसलं तर चिप बहुधा चांगली आहे, काढू नका" एवढं लिहिलं असतं तर सोल्डरिंग आयर्न तापवायची वेळ आली नसती.

याहून मोठी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. आयटूसीवर नुसतं बघता येत नाही. चिप आहे की नाही हे जाणून घ्यायचं तर तिला पुकारावंच लागतं, आणि पुकारताना आठव्या बिटात वाचन किंवा लेखन यांपैकी एक निवडावंच लागतं. आयटूसी-डिटेक्ट बहुतेक पत्त्यांवर लेखनाचा बिट लावून पुकारते आणि पुढे काही न लिहिता थांबते. बहुतेक चिपा हे निमूटपणे सोसतात. एटी२४आरएफ०८ या ईईप्रॉमला, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपून ठेवणाऱ्या चिपला, मात्र ते सोसत नसे, तिच्यातली माहिती बिघडायची. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत हीच चिप होती, आणि अशा तपासणीने ते लॅपटॉप सुरूच होईनासे झाले. म्हणून ज्या पत्त्यांवर ईईप्रॉम असण्याचा संभव असतो तिथे ही कमांड आता वाचनाच्या बिटाने पुकारते. मग सगळीकडेच वाचन का करत नाही? कारण काही चिपांवर, विशेषतः संगणकाच्या बोर्डावर ठोके पुरवणाऱ्या चिपांवर, फक्त लिहिता येतं. त्यांच्याकडे वाचन मागितलं तर अख्खी बस अडकून पडू शकते.

म्हणूनच ही कमांड चालवली की ती आधी इशारा देते, बसचा गोंधळ उडेल, माहिती जाईल, त्याहूनही वाईट घडेल, आणि परवानगी मागते. पण इंटरनेटवरच्या शिकवण्यांतून कमांड जवळजवळ नेहमी 'वाय' हा पर्याय जोडूनच उतरवली जाते. त्या एका अक्षराचं काम परवानगीचा प्रश्न बंद करणं. आमच्या मुलांच्या वह्यांत ते अक्षर होतं. ते कशासाठी आहे हे वर्गात एकालाही सांगता आलं नाही. धोक्याची सूचना लिहिलेली होती, पण पोरांनी ती कधी पाहिलीच नव्हती. या गोष्टीने मी अजून अस्वस्थ होतो.

पत्त्यांचा घोळ तर रोजचा. घड्याळाच्या चिपचा पत्ता दशमानात १०४. काही डेटाशीटांत, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकांत, वाचन-लेखनाचा बिट शेवटी जोडून पत्ता छापतात, मग तोच पत्ता २०८ होतो, बरोबर दुप्पट. त्यात भर म्हणजे आयटूसी-डिटेक्टचा तक्ता षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाच्या, पद्धतीत असतो आणि त्यात हीच चिप ६८ म्हणून दिसते. एका चिपची तीन नावं! पत्ता लिहिताना तो सात बिटांचा आहे की आठ, आणि कोणत्या पद्धतीत लिहिलाय, हे त्याच ओळीत सांगायला चार शब्द लागतात.

आम्ही शेवटी प्रयोगशाळेसाठी मराठीत एक पान लिहिलं. क्रम बदलला: आधी काय बिघडू शकतं, मग पडद्यावर काय दिसेल आणि त्यावर काय करायचं, आणि पर्यायांची यादी अगदी खाली. वाक्यंही बदलली. मूळ मसुद्यात होतं, "बसच्या स्थितीची खातरजमा करण्यात यावी." आता आहे, "तक्ता पूर्ण भरला असेल तर वीज बंद करा, जोड उघडा, कोरडे करा."

ते पान मी कुळागरात गेलेल्या दोघांपैकी एकीला वाचायला दिलं. तिने विचारलं, "कोरडे झाले हे कसं कळणार?" मला वाटलं होतं, ते सांगायची गरजच नाही. मग तिनेच मल्टिमीटर लावून पाहिलं आणि पानाच्या कडेला पेनाने लिहिलं: "वीज चालू करा, कमांड चालवू नका. एसडीए आणि ग्राउंडमध्ये ३.३ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. एससीएललाही तेवढेच. कमी दिसले तर अजून ओल आहे." पान पुन्हा टाइप केलं तेव्हा या ओळी आम्ही वर, दुसऱ्या क्रमांकावर घेतल्या.