सौदा जिंकणाऱ्याचं गणित

दरवर्षी हंगाम सुरू झाला की सांगलीच्या पेपरात एक बातमी हमखास येते: मुहूर्ताच्या सौद्यात हळदीला उच्चांकी दर. सोबत फोटो. हार घातलेली पोती, फेटे बांधलेली चार माणसं आणि मधे नारळ हातात घेऊन अवघडून उभा असलेला शेतकरी. बातमी खोटी नसते, तो दर कुणीतरी खरंच बोललेला असतो. पण ती वाचून वाळव्याचा किंवा मिरजेकडचा माणूस गाडी भरून मार्केट यार्डात येतो, त्याच्या मालाला बराच कमी दर निघतो, आणि चहाच्या टपरीवर निकाल लागतो की व्यापाऱ्यांनी भाव पाडला.

भाव कधीच पाडले जात नाहीत असं मला म्हणायचं नाही. पण सगळे शंभर टक्के प्रामाणिक असले तरी हे असंच घडेल, कारण बातमीतला आकडा हा त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा आकडा आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि पंचवीस वर्षं शिकवून एवढं नक्की सांगू शकतो की कुठल्याही ढिगातला सगळ्यांत मोठा आकडा फार लबाड असतो. त्याच्यावर विश्वास ठेवणारे फक्त शेतकरी नाहीत. तेल कंपन्यांनीसुद्धा त्याच्यापायी हात पोळून घेतले आहेत.

गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याबरोबर सौदे बघायला गेलो होतो. त्याच्या वडिलांची अडत आहे. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायची, एखादं मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आकडा बोलायचा. एका ढिगापाशी फार तर दोन मिनिटं. तिथे एक जुने खरेदीदार भेटले. "काय सर, हळद घेताय का काय?" म्हणाले. मी म्हटलं, नुसतं बघायला आलोय. मग स्वतःहूनच सांगायला लागले, "नवा घेणारा बाजारात आला की पहिले आठ दिवस सगळा चांगला माल त्यालाच जातो. आम्ही जाऊ देतो."

"का हो?"

"का म्हणजे? जास्त बोलतोय म्हणून. नंतर बसतो आपोआप गप."

या दोन वाक्यांत अर्थशास्त्रातला एक अख्खा विषय आहे. त्याचं नाव 'विजेत्याचा शाप': लिलाव जो जिंकतो तोच बहुधा जास्त मोजून बसतो. नावाला घाबरू नका. हा शाप कुणी दिलेला नाही आणि दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधून तो उतरत नाही. मुहूर्त बघून बोली लावली तरी तो लागतो. हा निव्वळ भागाकार आहे, आणि मला तो इतका आवडतो की इथे जरा रेंगाळणार आहे.

आधी एक बैल. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत एक धष्टपुष्ट बैल उभा केला होता. कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, हे चिठ्ठीवर लिहायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. त्या चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधली चिठ्ठी १२०७ पौंडांची होती. प्रत्यक्ष वजन भरलं ११९८ पौंड. गर्दीचं शहाणपण म्हणून ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते. पण समजा, त्या जत्रेत बैलाचा लिलाव असता आणि प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीइतकी बोली लावली असती, तर बैल मधल्या चिठ्ठीवाल्याला मिळाला नसता. तो मिळाला असता वरच्या बाजूला सगळ्यांत जास्त चुकणाऱ्याला. गर्दी शहाणी असली तरी लिलाव गर्दीला विचारत नाही, तो गर्दीतला एकच माणूस निवडतो, आणि तोही टोकाचा.

आता सांगलीत येऊ. समजा एका ढिगाची खरी किंमत, म्हणजे पुढे विकून जी वसूल होईल ती, क्विंटलला १५,००० रुपये आहे. ती कुणालाच माहीत नाही. नऊ खरेदीदार आहेत, सगळे सारखेच अनुभवी, आणि प्रत्येकाचा अंदाज १४,००० ते १६,००० या पट्ट्यात कुठेही पडतो. कुणी हजाराने चुकतो, कुणी शंभराने, कुणी वर, कुणी खाली. नऊ जणांची सरासरी काढली तर ती १५,००० च्या आसपास येईल. प्रश्न असा की नवांतला सगळ्यांत मोठा अंदाज सरासरीने किती असेल?

यासाठी एक ऊस घ्या. डोळे मिटून त्यावर नऊ घाव घाला. दहा तुकडे होतील, लहानमोठे. हाच खेळ हजार उसांवर केला तर पहिला तुकडा सरासरीने किती लांब निघेल? उत्तर आहे उसाच्या बरोबर एक दशांश. दुसराही एक दशांश, शेवटचाही तेवढाच. टोकाच्या तुकड्यांना फक्त एकाच बाजूने घाव लागतो, म्हणून ते मोठे असतील असं वाटतं, पण तसं नसतं.

का नसतं? एक बांगडी घ्या आणि ती दहा ठिकाणी फोडा. (फोडा म्हटलं की घरात रागावतात, तर वाढवा म्हणू. काच तीच, तुकडे तेवढेच.) दहा तुकडे झाले. बांगडी गोल, तिला टोकच नाही, त्यामुळे कुठलाही एक तुकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असायला कारण नाही. सरासरीने सगळे सारखे. आता या दहा घावांतला पहिला घाव वेगळा काढा. तिथे बांगडी उघडली आणि सरळ केली, की झाला ऊस! उरलेले नऊ घाव म्हणजे आपले नऊ घाव. गोलावर जे खरं होतं ते सरळ उसावरही खरं राहिलं. हा युक्तिवाद पहिल्यांदा कळला तेव्हा मी रात्री झोपलो नव्हतो. वर्गात सांगतो तेव्हा मुलं मात्र झोपतात.

आपला ऊस १४,००० ते १६,००० असा २,००० रुपये लांब आहे. दहा तुकडे, प्रत्येकी २०० रुपयांचे. शेवटचा घाव वरच्या टोकापासून २०० रुपये अलीकडे पडतो, म्हणजे १५,८०० वर. सगळे आपापल्या अंदाजाइतकी बोली लावत असतील तर माल घेणारा सरासरीने ८०० रुपये जास्त मोजतो. तोंडी बोलीत भाव दुसऱ्या क्रमांकाचा माणूस थांबला की थांबतो, म्हणजे १५,६०० वर, तरी ६०० रुपये जातातच. यात कुणी मूर्ख नाही. प्रत्येकाची पारख चांगली आहे आणि प्रत्येकाचे अंदाज सरासरीने बरोबरच येतात. पण माल त्यालाच मिळतो ज्याचा अंदाज त्या दिवशी वर चुकलेला असतो. बरोबर अंदाज केलेल्या दिवशी तो रिकाम्या हाताने घरी जातो.

यातून अगदी उलटं वाटणारी गोष्ट निघते. खरेदीदार नवाऐवजी एकोणीस झाले तर? उसाचे वीस तुकडे, शेवटचा घाव १५,९०० वर. म्हणजे गर्दी वाढली की जिंकणाऱ्याची चूकही वाढते. आपल्याला वाटतं, चढाओढ वाढली की जोरात बोलावं. शहाण्या माणसाने आपल्या अंदाजातून आधी ८०० वजा करायला हवे होते, तर आता ९०० करायला हवेत. त्या जुन्या खरेदीदारांनी ऊस कापला नाही की बांगडी वाढवली नाही, पण ही वजाबाकी त्यांच्या अंगवळणी पडली आहे. नव्याच्या ती पडायला आठ दिवस आणि काही लाख रुपये लागतात.

गणित कागदावर ठीक आहे, माणसं खरंच अशी वागतात का? मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. बोस्टनमधल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुढे नाण्यांनी वगैरे भरलेल्या बरण्या ठेवल्या. प्रत्येक बरणीची खरी किंमत ८ डॉलर होती. मुलांचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर, म्हणजे गर्दी इथे चक्क खाली चुकली होती. तरीही लिलाव जिंकणाऱ्यांनी सरासरी १०.०१ डॉलर मोजले. आठाच्या बरणीला दहा, आणि तेही उद्या कंपन्या चालवायला निघालेल्या मुलांनी! पुढच्या हळदीकुंकवाला सुट्ट्या पैशांच्या डब्याचा असा लिलाव घरी करून बघा. जिंकणारीला मात्र पैसे मोजायला लावा, नाहीतर प्रयोग फसेल.

हा शाप पहिल्यांदा नीट लिहून काढला तो प्राध्यापकांनी नाही. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल हे तिघे अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीतले अभियंते. १९७१ साली त्यांनी दाखवलं की मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा फारच कमी परतावा मिळाला होता. जमिनीखाली तेल किती, याचा प्रत्येकीचा अंदाज वेगळा, आणि पट्टा मिळायचा सगळ्यांत आशावादी भूगर्भतज्ज्ञ पदरी असलेल्या कंपनीला. १९६९ च्या अलास्कातल्या लिलावात जिंकलेल्या बोलींची बेरीज ९० कोटी डॉलर होती, तर त्याच पट्ट्यांवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बोलींची बेरीज अवघी ३७ कोटी. पाकिटं बंद होती. उघड बोली असती तर दुसरा थांबला तिथेच पहिलाही थांबला असता.

प्रत्येक लिलावात हा शाप असतोच असं नाही. मंडळाच्या प्रसादाचा नारळ कुणी पाच हजाराला घेतो तेव्हा त्याने नारळाची किंमत चुकवलेली नसते. तो मान विकत घेतो, आणि मानाची किंमत ज्याची त्याने ठरवायची. मुहूर्ताच्या पोत्याचा दर बराचसा या नारळाच्या जातीचा असतो, म्हणून तर तो बातमीत शोभतो आणि बाजारात टिकत नाही. शाप लागतो तो पुढे विकायच्या मालाला, जिथे खरी किंमत सगळ्यांसाठी जवळपास एकच असते आणि कुणालाच दिसत नाही. रोजच्या बाजारभावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे छापतात. मथळा नेहमी मधल्याचा, म्हणजे कमाल दराचा होतो. माल भरायच्या आधी वाचायचा असतो तो तिसरा.

आता शेतकरी म्हणेल, खरेदीदार ८०० रुपये जास्त मोजतोय तर मला आनंदच आहे, तुमच्या शापाचं मला काय? आठ दिवस आनंद आहे. मुरलेला खरेदीदार न दिसणाऱ्या गोष्टीपोटी आधीच वजाबाकी करून येतो आणि ती शेतकऱ्याच्या दरातून जाते. अंदाज जितका अंधारातला तितकी वजाबाकी मोठी. अंदाजांचा पट्टा दोन हजारांऐवजी चारशे रुपयांचा असता, तर नऊ जणांच्या बाजारात कापायला फक्त १६० लागले असते.

पूर्वी बऱ्याच बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेतले जुने हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, खिलारांचा सौदा टॉवेलखाली कसा करायचे, हे आटपाडीकडचे लोक अजून सांगतात. त्यात दुसरा कितीला थांबला हे तिसऱ्याला कळत नाही. तोंडी बोलीत कळतं, आणि चौघे अजून बोलतायत हे ऐकून पाचव्याला धीर येतो की आपण अगदीच वेड्यासारखा आकडा धरलेला नाही. पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ साली हेच गणितात सिद्ध केलं: मालाची माहिती जितकी उघड, तितकी विकणाऱ्याला सरासरीने मिळणारी रक्कम जास्त. मिलग्रोम आणि त्यांचे गुरू रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लिलावांवरच्या कामासाठीच. अट अशी की खरेदीदार एकमेकांविरुद्ध खरोखर बोलत असावेत. त्यांनी आदल्या रात्रीच जेवायला बसून ठरवलं असेल, तर हे प्रमेय तिथे जेवायलाही येत नाही.

म्हणून हळद मोडून रंग बघण्याऐवजी कुरकुमिन (हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य) आणि ओलावा मोजून पोत्यावर आकडा लावणं, हे शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. कुरकुमिन जातीनुसार आणि जमिनीनुसार २-३ टक्क्यांपासून ६-७ टक्क्यांपर्यंत असतं, आणि डोळ्याला त्यातला फरक नीट कळत नाही. (कुरकुमिनने यच्चयावत रोग बरे होतात असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांच्याशी माझा संबंध नाही. मी भावाबद्दल बोलतोय.) २०१६ साली ई-नाम, म्हणजे केंद्र सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं तेव्हा तपासणी प्रयोगशाळा हा त्या योजनेचा भाग होता, तो याचसाठी. पडद्यावर बोली लावता आली म्हणून भाव वाढत नाही. लांबचा खरेदीदार माल न बघता बोलणार असेल आणि त्याला तपासणीचा भरवशाचा आकडा मिळत नसेल, तर त्याची वजाबाकी समोर उभ्या असलेल्यापेक्षा मोठीच असणार.

आणि याच हिशेबाने तासगावच्या बेदाण्याकडे बघायला हवं. तिथली जुनी तक्रार आहे उधळणीची. सौद्यात बॉक्स फोडतात, मूठमूठ बेदाणा काढतात, बघतात, आणि तो खाली पडतो, तुडवला जातो. शेतकऱ्याचा जीव तुटतो. पण बॉक्स बंदच ठेवला तर? समजा १० टन माल आहे आणि आत काय आहे ते न दिसल्यामुळे खरेदीदाराने किलोला पाच रुपये कमी धरले. पन्नास हजार गेले. उधळणीत समजा १०० किलो गेला आणि दर दीडशेचा असला, तर पंधरा हजार. म्हणजे बघू देणं तरीही परवडतं, नमुना दाखवायलाच हवा. फक्त बघून झाल्यावर ती मूठ परत बॉक्समध्ये का जात नाही, याला माझ्याकडे कुठलंही गणित नाही.