मधली रेषा : टेनेसीच्या महिला बास्केटबॉलची पार्श्वभूमी

बास्केटबॉलच्या कोर्टावर मधोमध एक रेषा आखलेली असते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत शाळेतल्या मुलींसाठी ती रेषा म्हणजे कुंपण होतं. मुलींचा संघ सहाजणींचा असे. तिघी फॉरवर्ड समोरच्या बास्केटपाशी, तिघी गार्ड आपल्या बास्केटपाशी. रेषा ओलांडायला बंदी. गार्डच्या जागी असलेल्या मुलीने चेंडू हिसकावला, की रेषेपर्यंत धावत यायचं, पलीकडच्या मैत्रिणीच्या हातात तो द्यायचा आणि तिथेच उभं राहून उरलेला खेळ बघायचा. शाळेची सगळी वर्षं खेळूनही तिला सामन्यात गुण मिळवायची संधी नसे.

याच राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात टेनेसी विद्यापीठ आहे आणि त्याचा महिला संघ, ‘लेडी व्हॉल्स’, आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरला आहे. त्या आठ करंडकांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला मात्र हा सगळा इतिहास त्या रेषेपासून सांगावासा वाटतो, कारण बाईमाणसाने किती पळावं हे दुसऱ्यांनी ठरवण्याची पद्धत या खेळाच्या जन्मापासूनची आहे.

जेम्स नेस्मिथने १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला. काही आठवड्यांतच, १८९२मध्ये, जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने तो मुलींना शिकवला. तिने कोर्टाचे तीन भाग पाडले आणि मुलींना आपापल्या भागात बांधून ठेवलं. चेंडू हिसकावायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा टप्पा मारायचा नाही, तीन सेकंदांहून अधिक काळ हातात धरायचा नाही. बेरेन्सनवर आज टीका करणं सोपं आहे. पण त्या काळी मुलींनी घाम गाळणंच अशोभनीय मानलं जाई, आणि हे नियम घातले नसते तर मुलींना कुणी खेळूच दिलं नसतं. तिने दार उघडलं, ते अर्धंच उघडलं. पुढे तेवढंही मिटू लागलं. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातल्या महिला नेत्यांनीच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना विरोध सुरू केला. स्पर्धेने मुली चिडखोर होतात, त्यांची प्रकृती बिघडते, असं त्यांचं म्हणणं होतं. टेनेसी विद्यापीठात मुलींचा संघ १९०३पासून खेळत होता. १९२६ नंतर तो थांबला आणि साठच्या दशकात पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात किती पिढ्या गेल्या याचा हिशेब कुठल्याच विक्रमांच्या यादीत सापडणार नाही.

२३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ कायद्यात आला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ मजकुरात खेळांचा उल्लेखही नाही. विद्यापीठांना १९७८च्या जुलैपर्यंत मुदत मिळाली आणि तोवर बहुतेक ठिकाणी जुनाच कारभार चालू राहिला. कायदा झाला आणि मुलींना मैदान मिळालं, अशी सरधोपट गोष्ट सांगितली जाते, ती नॉक्सव्हिलला लागू पडत नाही. कायद्यानंतर दोन वर्षांनी तिथे काय परिस्थिती होती ते बघा.

१९७४. महिला संघाच्या प्रशिक्षिका पद सोडून गेल्या. जागेवर नेमली गेली पॅट हेड, वय बावीस, त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आलेली. पगार महिन्याला २५० डॉलर. तिच्या काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. संघाच्या गणवेशासाठी पैसे नव्हते, ते आदल्या वर्षी डोनट विकून जमवले होते. सामन्याला जायचं तर व्हॅन पॅटच चालवायची आणि परत आल्यावर गणवेश घरच्या मशीनमध्ये तीच धुवायची. डिसेंबरात पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला. टेनेसी ८४-८३ असा एका गुणाने हरला.

पॅट क्लार्क्सव्हिलजवळच्या एका डेअरी फार्मवर वाढली होती. वरचे तीन भाऊ. दिवसभर तंबाखूच्या आणि गवताच्या शेतात, गोठ्यात काम, आणि रात्री कोठारात गवताच्या माळ्यावर बास्केट टांगून भावांशी खेळ. तिथे कुठली मधली रेषा नव्हती आणि भाऊ धाकट्या बहिणीला सूटही देत नव्हते. त्या भागातल्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हणताच वडिलांनी सगळं घर शेजारच्या हेन्रिएटा गावात हलवलं. एवढा कडक, मुलीला जवळ घेऊन कौतुक न करणारा बाप, पण तिच्या खेळासाठी त्याने बिऱ्हाड उचललं. तरी कॉलेजची वेळ आली तेव्हा भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या आणि तिची फी आईवडिलांनी भरली. मुलींसाठी शिष्यवृत्ती अशी नव्हतीच. पॅटच्या पुढच्या सगळ्या हट्टांचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

१९७६मध्ये माँट्रियलला महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. पॅट अमेरिकेच्या संघाची सहकर्णधार होती, रौप्यपदक मिळालं. म्हणजे ती एकाच वेळी दुसऱ्यांना शिकवत होती, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून सावरत होती आणि स्वतः खेळत होती. त्याच वर्षी विद्यापीठाने महिलांच्या खेळांसाठी पुरुषांपासून पूर्ण वेगळा विभाग काढला. ‘व्हॉलेट्स’ हे बाहुल्यांना शोभावं असं जुनं नाव जाऊन ‘लेडी व्हॉलंटियर्स’ आलं, ‘लेडी व्हॉल्स’ हे त्याचंच लघुरूप. स्वतंत्र विभाग ही बाब कागदावर रुक्ष दिसते, पण तिचं वजन मोठं होतं. वेगळं अंदाजपत्रक, वेगळी संचालिका, देणग्या गोळा करायचा वेगळा अधिकार. आधी ग्लोरिया रे आणि १९८३पासून जवळजवळ तीन दशकं जोन क्रोनन यांनी तो सांभाळला. पुरुषांच्या फुटबॉलच्या उरल्यासुरल्या पैशांवर जगावं लागलं नाही, हे या संघाचं भाग्य. बऱ्याच विद्यापीठांत नेमकं तेच घडत होतं.

आता पुन्हा त्या रेषेकडे. १९७६मध्ये ओक रिज गावच्या व्हिक्टोरिया केप नावाच्या एका शाळकरी गार्डने राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेवर खटला भरला. मला बास्केट करू देत नाहीत, मग मला शिष्यवृत्ती कोण देणार, हा तिचा सवाल. जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. खटला हरला, मुद्दा मात्र जिंकला. राज्यातली नामवंत प्रशिक्षिका म्हणून पॅटने उघड बाजू घेतली होती : अर्ध्या कोर्टावर वाढलेल्या मुली मला घेता येणार नाहीत. आपल्याच राज्यातल्या मुली राज्याच्या विद्यापीठाच्या संघात नसतील, हे लोकांना झोंबलं. १९७९-८०च्या हंगामापासून टेनेसीच्या शाळांत पाचजणींचा, पूर्ण कोर्टाचा खेळ आला. आयोवाला त्यासाठी १९९३ उजाडलं आणि ओक्लाहोमाला १९९५.

त्यानंतरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून भरभर सांगते. १९८२मध्ये एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. टेनेसी पहिल्याच वर्षी शेवटच्या चारांत होता. विजेतेपद १९८७मध्ये लुइझियाना टेकला ६७-४४ असं हरवून आलं. मग १९८९, १९९१, लागोपाठ १९९६, १९९७, १९९८ आणि शेवटी २००७, २००८. डिसेंबर १९८७मध्ये टेक्सासविरुद्धचा सामना बघायला नॉक्सव्हिलच्या नव्या थॉम्पसन-बोलिंग अरेनात २४,५६३ माणसं आली होती. ज्या संघाच्या गणवेशासाठी डोनट विकावे लागले, त्याच्यासाठी चौदा वर्षांच्या आत. शमीक होल्डस्क्लॉ, टमीका कॅचिंग्ज, कँडेस पार्कर ही नावं याच बाकावरून पुढे गेली. १९९७चं विजेतेपद मला सगळ्यांत आवडतं, कारण त्या हंगामात संघ दहा सामने हरला होता. पुढच्या हंगामात एकही हरला नाही : ३९-०.

पॅट लग्नानंतर समिट झाली, पण शिस्त गोठ्यातलीच राहिली. तिच्या खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवायचा नाही. विद्यापीठाकडून खेळायला मिळतात ती सगळी वर्षं तिच्याकडे पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. १,०९८ विजयांपेक्षा हा आकडा, म्हणजे शंभर टक्के, मोठा आहे असं मी मनापासून म्हणते. सप्टेंबर १९९०मध्ये दिवस भरत आलेले असताना ती विमानाने पेनसिल्व्हेनियाला मिशेल मार्सिनियाक या शाळकरी खेळाडूला आपल्या संघात ओढायला तिच्या घरी गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर व्हर्जिनियात उतरू का, असं वैमानिकाने विचारलं. तिने नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढलं होतं! तिच्या मुलाचा, टायलरचा, जन्म नॉक्सव्हिललाच झाला. मार्सिनियाक आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, मग टेनेसीत आली आणि १९९६च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरली.

कनेटिकट विद्यापीठाच्या संघाशी असलेलं वैर १६ जानेवारी १९९५ला सुरू झालं. पहिल्या क्रमांकाचा टेनेसी दुसऱ्या क्रमांकाच्या कनेटिकटकडून ७७-६६ हरला, आणि एप्रिलमध्ये अंतिम सामन्यातही. या दोन संघांनी मिळून महिला बास्केटबॉल टीव्हीवर रुजवला. २००७ नंतर पॅटने ही मालिका थांबवली, ती २०२०मध्ये पुन्हा सुरू झाली.

ऑगस्ट २०११मध्ये पॅटने स्वतः जाहीर केलं, की तिला अल्झायमर झाला आहे. वय एकोणसाठ. एक हंगाम तशीच बाकावर बसली, मग सूत्रं आपल्या जुन्या खेळाडूकडे, होली वॉर्लिककडे दिली. २८ जून २०१६ला ती गेली. त्याआधी २०१२मध्ये महिलांचा वेगळा विभागही पुरुषांच्या विभागात विलीन झाला होता. २०१५मध्ये बास्केटबॉल वगळता इतर संघांच्या नावातलं ‘लेडी’ काढून टाकलं, तेव्हा माजी खेळाडूंनी इतका आवाज उठवला की दोन वर्षांत ते परत आणावं लागलं. एके काळी ‘लेडी’ शब्दात मला मर्यादा ऐकू येई. या बायकांनी तो आपला करून घेतला होता.

वॉर्लिक आणि नंतर केली हार्पर, दोघींच्या काळात संघ राष्ट्रीय स्पर्धेला मुकला नाही, पण शेवटच्या चारांत पोचला नाही. २०२४मध्ये किम कॉल्डवेल आली. पॅटकडे न खेळलेली आणि तिच्या हाताखाली काम न केलेली पहिली प्रशिक्षिका. तिचा खेळ दमछाक करणारा : समोरच्या संघाने चेंडू आत टाकल्यापासून पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे अंगावर जाऊन अडवणं, आणि एकदम पाचच्या पाच खेळाडू बदलायच्या, म्हणजे ताज्या पायांनी पुन्हा धावता येतं. जानेवारी २०२५मध्ये तिला मुलगा झाला आणि त्याच महिन्यात ती बाकावर परतली. ६ फेब्रुवारीला नॉक्सव्हिलमध्ये कनेटिकट आला. टेनेसीच्या मुलींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा पाठलाग केला आणि ८०-७६ने सामना काढला. कनेटिकटवरचा २००७ नंतरचा पहिला विजय होता तो. ज्या कोर्टावर त्या धावल्या, त्याचं नाव ‘द समिट’ आहे.